लोहाराचा पोरगा

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले होते तेव्हा काकांची जुनी हीरो होंडा सीडी-१०० मी खोलली. खोलली म्हणजे फार काही नाही, कार्बोरेटर आणि एअरबॉक्स तेवढा काढला. गाडी तीन वर्षं पडवीत उभी होती. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलचा डिंक झाला होता. जेट फुंकून साफ केले, फिल्टर झटकला, सगळं चकाचक. पण काढणं सोपं आणि बसवणं अवघड, हे मला कुठल्याच प्रॅक्टिकलला कळलं नव्हतं. एअरबॉक्सपासून कार्बोरेटरकडे येणारी रबरी नळी वयाने लाकडासारखी कडक झाली होती. एक टोक बसलं की दुसरं निसटायचं. शेवटी काकूने पातेल्यात पाणी तापवून दिलं, त्यात नळी बुडवली, ती नरम झाली. मग एअरबॉक्स ढिला ठेवून मागे सरकवला, नळी कार्बोरेटरच्या तोंडावर चढवली आणि सगळ्यात शेवटी बोल्ट आवळले.

किक मारली. गाडी सुरू झाली, रेस आपोआप वाढली, आणि अॅक्सिलरेटर दिला की फट् करून बंद. काकांनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं की जेट जुना झालाय, नवा आणावा लागेल. खरं म्हणजे पसरलेल्या पेपरवर पान्याशेजारी एक काळी ओ-रिंग पडलेली मला दिसली होती. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधली. मी ती बसवायलाच विसरले होते. काकांचं लक्ष नाही बघून मी ती खिशात टाकली.

पुढचं नंतर सांगते. आधी त्या माणसाबद्दल, ज्याचं नाव त्या टाकीवर होतं. त्या रात्री मी सहज म्हणून त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि झोपायला दोन वाजले.

सोइचिरो होंडाचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या एका खेड्यातला. वडील गिहेई लोहार, पुढे सायकल दुरुस्तीही करायचे. आई मिका विणकाम करायची. पोराचं नाक कायम काळं. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे पळत सुटला आणि जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास घेत बसला म्हणतात. १९१७ साली एक अमेरिकन वैमानिक हामामात्सुला विमानाच्या कसरती दाखवायला आला. हा पठ्ठ्या वडिलांची सायकल न विचारता घेऊन सुमारे २० किलोमीटर गेला. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून झाडावर चढून विमान पाहिलं.

शाळेत डोकं चालायचं, पण भलतीकडे. प्रगतिपुस्तकावर सहीऐवजी घरचा शिक्का लागायचा. याने रबराचा शिक्का स्वतःच कोरला. तो खपला, म्हणून मित्रांनाही कोरून दिले आणि तिथे पकडला गेला. कारण जपानी लिपीत होंडा हे नाव उभं लिहिलं की डावी-उजवी बाजू सारखीच दिसते, त्यामुळे उलटं कोरलं तरी चालून जातं. इतरांची नावं तशी नव्हती, त्यांचे शिक्के उलटे उमटले! आपल्या हॉस्टेलमध्ये असे कलाकार आजही आहेत, नावं सांगत नाही.

१९२२ साली, पंधराव्या वर्षी, तो टोकियोच्या आर्ट शोकाई नावाच्या मोटार गॅरेजमध्ये कामाला लागला. पहिले काही महिने हातात पाना नाही, मालकाचं तान्हं मूल! झाडलोट करायची आणि मूल सांभाळायचं. पण कान आणि डोळे गॅरेजकडे. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत महाभयंकर भूकंप झाला, शहराला आगी लागल्या. बरेच मेकॅनिक आपापल्या गावी निघून गेले. हा राहिला. जळालेल्या गाड्या दुरुस्त करता करता खरा मेकॅनिक झाला. १९२८ मध्ये मालकाने त्याला हामामात्सुला शाखा काढून दिली.

रेसिंगचं वेड होतंच. १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर स्वतः बनवलेल्या गाडीत रेस करताना भीषण अपघात झाला. सोबत धाकटा भाऊ होता. दोघेही जखमी झाले, पण वाचले.

त्यानंतर होंडांच्या डोक्यात पिस्टन रिंग शिरली. दुरुस्तीपेक्षा काहीतरी बनवायचं होतं. पण रिंग काही केल्या नीट होईना, कुठे जास्त कडक, कुठे ठिसूळ. लोहाराच्या पोराला ओतकाम येत होतं, पण धातुशास्त्र येत नव्हतं. एका प्राध्यापकांनी तपासून सांगितलं की सिलिकॉन कमी पडतंय. तिशी ओलांडलेला, गॅरेजचा मालक असलेला हा माणूस मग हामामात्सुच्या टेक्निकल कॉलेजात जाऊन पोरांमध्ये बसला. फक्त आपल्या कामाचं ऐकायचा, परीक्षा द्यायचा नाही. साहजिकच डिप्लोमा मिळाला नाही. (हे वाचून कुणी आपल्या एचओडी सरांकडे जाऊ नये.) एवढं करूनही टोयोटाने तपासलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या! पुढे दर्जा सुधारला आणि टोयोटा गिऱ्हाईक झाली.

मग युद्ध. बॉम्बहल्ल्यांत कारखान्याचं नुकसान झालं, आणि जानेवारी १९४५ च्या भूकंपात इवाताचा कारखाना कोसळला. युद्ध संपल्यावर होंडांनी उरलंसुरलं टोयोटाला साडेचार लाख येनला विकलं आणि वर्षभर काहीही केलं नाही.

१९४६ मध्ये एका मित्राकडे त्यांना लष्कराच्या वायरलेस सेटचं छोटं जनरेटर इंजिन दिसलं. हरलेल्या जपानमध्ये आगगाड्या खच्चून भरलेल्या, पेट्रोल रेशनवर. त्यांनी ते इंजिन सायकलला लावलं. पहिल्या प्रयोगात पेट्रोलची टाकी म्हणून अंथरुणात ठेवायची गरम पाण्याची डबी वापरली. लोकांनी रांगा लावल्या. अशी जुनी इंजिनं संपल्यावर स्वतःचं इंजिन बनवलं. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी सुरू झाली, भांडवल दहा लाख येन, माणसं ३४. पुढच्या वर्षी ड्रीम नावाची मोटरसायकल आली आणि ताकेओ फुजिसावा हा माणूस भेटला. फुजिसावांनी पैसा आणि विक्री बघायची, होंडांनी इंजिन, अशी वाटणी ठरली. ती शेवटपर्यंत टिकली.

आता माझ्या ओ-रिंगच्या जवळची गोष्ट. १९५४ मध्ये कंपनी जवळजवळ बुडाली होती. ड्रीमचं इंजिन वाढवून २२५ सीसी केलं, आणि तक्रारींचा पाऊस पडला, गाडी मध्येच बंद पडते. स्कूटर विकेना, सायकलच्या इंजिनाची मागणी घसरली, बँकेचे हप्ते डोक्यावर. शेवटी ड्रीमचा दोष सापडला तो कार्बोरेटरमध्ये. नवल म्हणजे याच वर्षी होंडांनी जाहीर केलं होतं की आपण आइल ऑफ मॅनच्या टीटी रेसमध्ये उतरणार. ते स्वतः इंग्लंडला जाऊन रेस बघून आले. तिथल्या गाड्यांची ताकद बघून हबकले, आणि परतताना टायर, चेन, कार्बोरेटर असं सामान सोबत घेऊन आले. पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, त्यांचा संघ १२५ सीसीच्या रेसमध्ये उतरला आणि सहावा नंबर आला. १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी, दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे.

१९५८ ची सुपर कब तर जगात सगळ्यात जास्त खपलेली गाडी ठरली. २०१७ पर्यंत दहा कोटी बनल्या. भारतात १९८५ साली आलेल्या सीडी-१०० चं आडवं इंजिन त्याच घराण्यातलं. १९६९ मध्ये सीबी-७५० आली, चार सिलिंडर, चार कार्बोरेटर. एका कार्बोरेटरने माझा घाम काढला, चार एका वेळी एअरबॉक्समध्ये बसवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. मला जास्त आवडला तो पुढचा भाग, जिथे हा माणूस चुकला.

होंडा भयंकर तापट. चूक दिसली की इंजिनिअरवर ओरडायचे, प्रसंगी हातही उचलायचे, पाना फेकायचे. आणि हट्टी. मोटारगाडी बनवायला घेतली तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की इंजिन हवेनेच थंड झालं पाहिजे. पाण्याने थंड करायचं तरी शेवटी ते पाणी हवाच थंड करते ना, मग मध्ये पाणी कशाला? ऐकायला पटतं, पण गाडीचं इंजिन जड झालं, गुंतागुंतीचं झालं. १९६८ मध्ये हवेने थंड होणारी रेसिंग कार फ्रेंच ग्रां प्रीत उतरवली. ती घसरून पेटली आणि ड्रायव्हर जो श्लेसर जागीच गेला. तरी १९६९ ची होंडा १३०० हवेचीच निघाली. तरुण इंजिनिअर वैतागले. ते फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी होंडांना एकच विचारलं की तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष राहायचंय की इंजिनिअर. होंडांनी थोडा विचार केला आणि अध्यक्ष राहायचं ठरवलं. पाण्याच्या इंजिनाला परवानगी दिली.

त्यातूनच सीव्हीसीसी हे इंजिन आलं. १९७० च्या अमेरिकन कायद्याने धूर खूप कमी करायला सांगितलं होतं. मोठ्या कंपन्या अशक्य म्हणत होत्या. होंडाच्या पोरांनी सिलिंडरला एक छोटी खोली आणि तिसरा छोटा व्हॉल्व्ह दिला. कार्बोरेटर त्या खोलीत पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण पाठवतो आणि मुख्य सिलिंडरमध्ये पेट्रोल कमी असलेलं. ठिणगी छोट्या खोलीत पडते, तिथली ज्योत मुख्य मिश्रण पूर्ण जाळते. १९७२ मध्ये हे इंजिन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पास झालं.

होंडा खूश होते, म्हणायचे की आता मोठ्या अमेरिकन कंपन्यांना गाठायची संधी आली. तेव्हा तरुण इंजिनिअरांनी सांगितलं की आम्ही हे कंपनीसाठी नाही, लोकांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून करतोय. होंडांना हे लागलं. आपण जुने झालो हे त्यांनी ओळखलं. १९७३ मध्ये, ६६ व्या वर्षी, ते आणि फुजिसावा एकाच वेळी पायउतार झाले. मुलाला गादीवर बसवलं नाही. मग जपानभर फिरून कंपनीच्या कामगारांचे आभार मानले, त्यांचे तेलकट हात हातात घेऊन. ५ ऑगस्ट १९९१ ला ते गेले. ट्रॅफिक जाम होईल म्हणून कंपनीतर्फे मोठा अंत्यविधी करू नका, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. गाड्या बनवणाऱ्याने!

सकाळी उठून मी ओ-रिंग काकांच्या हातावर ठेवली. ती नसली की कार्बोरेटरला वळसा घालून हवा थेट इंजिनात शिरते, तिच्यासोबत पेट्रोल येत नाही, मिश्रण पातळ होतं, म्हणून रेस वाढते आणि गाडी बंद पडते, हे सगळं समजावून सांगितलं. काका म्हणाले की त्यांनी ती मला खिशात टाकताना पाहिलं होतं, मी कधी सांगते याची वाट बघत होते. माझी मान खाली गेली.

पुन्हा पाणी तापवलं, पुन्हा एअरबॉक्स मागे सरकवला, नळी काढली, दोन बोल्ट सोडले, रिंग खोबणीत बसवली आणि सगळं परत आवळलं. या वेळी वीस मिनिटं लागली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि शांतपणे चालू राहिली. काका बाजारात जाऊन भाजी घेऊन आले.