खाँसाहेबांचा गळा

घराणे म्हणजे रक्ताचा वारसा, ही समजूत आम्हां गवयांच्या मुलांत लहानपणापासून मुरलेली असते. माझे वडील दरबारी गवई; तेव्हा माझ्याही मनात ती होतीच. करवीरच्या रसिकांना अल्लादियाखाँसाहेबांविषयी मी नवे ते काय सांगणार? पण त्यांचे चरित्र आठवले की ही समजूत डळमळते.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातील उनियारा येथला. घराणे मूळचे अत्रौलीचे, धृपदियांचे. वडिलांचे छत्र लवकर हरपले. चुलते जहांगीरखाँ यांनी धृपद-ख्यालाची कसून तालीम दिली. ऐन उमेदीत एका लहान संस्थानी दरबारात दिवसचे दिवस अतोनात गावे लागले आणि गळा बसला. पुढे आवाज परतला, पण तो पूर्वीचा नव्हे. दुसऱ्या कोणी तंबोरा खुंटीला टांगला असता. खाँसाहेबांनी आहे त्या गळ्याला पेलेल अशी वाट शोधली : मोकळा आकार, वक्र वळणांच्या पेचदार ताना, मात्रेमात्रेला धरून चालणारी लय आणि बसंती केदारासारखे जोडराग. जयपूर-अत्रौली गायकी म्हणतात ती हीच.

शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. १९२२ साली महाराज निवर्तले आणि पुढे खाँसाहेबांनी मुंबई जवळ केली. पुत्र मंजीखाँ १९३७ साली वडिलांच्या देखत गेले. धाकटे भुर्जीखाँ कोल्हापुरात विद्या देत राहिले. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खाँसाहेब पैगंबरवासी झाले. पण गायकी घराघरांत पोचली ती गोमंतकाच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून, आणि मंजीखाँ-भुर्जीखाँकडे शिकलेल्या धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गळ्यातून. यांतले रक्ताचे कोण होते?

हे सारे मी वर्गात शिकवतो. तरीही काही वर्षांमागे आवाज फुटलेल्या एका गुणी मुलाला, गाणे तुझ्या नशिबी नाही, असे सांगून मी पेटीकडे वळवले. त्याने दोन्ही सोडले. परवा महाद्वार रोडवर तो भेटला. वाकून नमस्कार करून निमूट बाजूला झाला. घरी येऊन तंबोरा लावला, पण षड्जावर मन ठरेना.

गुरुवारी त्याला बोलावले आहे. येईल की नाही, ठाऊक नाही. आला तर त्याच्या गळ्यात काय उरले आहे, ते आधी नीट ऐकेन.