दोन डोळ्यांचे गुपित

मुलांनो, एक बोट डोळ्यांसमोर धरा. आधी डावा डोळा मिटून बोटाकडे पाहा. मग उजवा डोळा मिटून पाहा. बोट जागच्या जागी आहे, तरी ते बाजूला सरकल्यासारखे वाटते. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू थोडी वेगवेगळी दिसते. याच गोष्टीचा ज्यांनी खोलवर विचार केला, त्या चार्ल्स व्हीटस्टन यांची ही ओळख.

चार्ल्सचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहराजवळ झाला. त्याच्या घरी वाद्यांचा धंदा होता. चार्ल्स फार लाजाळू होता. पण त्याला वाचनाची आणि प्रयोगांची आवड होती. एकदा विजेच्या प्रयोगासाठी तांब्याचे पत्रे घ्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्याने तांब्याची नाणीच वापरली, असे सांगतात.

१८३४ साली व्हीटस्टन लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले. तरी सभेत बोलण्याचा त्यांचा संकोच गेला नाही. त्यांचे शोध काही वेळा त्यांचे मित्र मायकेल फॅरडे लोकांना समजावून सांगत.

१८३८ साली व्हीटस्टन यांनी रॉयल सोसायटीपुढे एक नवे उपकरण मांडले. त्याचे नाव स्टिरिओस्कोप. त्यात एकाच वस्तूची दोन चित्रे असत. एक डाव्या डोळ्याला दिसते तसे, दुसरे उजव्या डोळ्याला दिसते तसे. मध्ये काटकोनात दोन आरसे होते. प्रत्येक डोळ्याला आरशात आपापलेच चित्र दिसे. मेंदू ही दोन्ही चित्रे एक करी आणि कागदावरची सपाट वस्तू भरीव दिसू लागे!

पुढच्याच वर्षी छायाचित्रणाची कला जगापुढे आली. व्हीटस्टन यांच्या विनंतीवरून टॅलबट यांनी पुतळ्यांची व इमारतींची अशी जोडचित्रे तयार केली. यासाठी एक कॅमेराही पुरतो. एक छायाचित्र घ्यावे, कॅमेरा थोडा बाजूला सरकवावा आणि दुसरे घ्यावे. मात्र समोरची वस्तू हलता कामा नये.

१८४९ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप केला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो लोकांना फार आवडला. पुढे तर मूळ कल्पना व्हीटस्टन यांची नाहीच, असे ब्रूस्टर म्हणू लागले. व्हीटस्टन यांना आपली बाजू मांडावी लागली.

आता दुसरी गोष्ट ऐका. तारेतील विजेचा रोध मोजण्याच्या एका जोडणीला व्हीटस्टनचा सेतू म्हणतात. ती जोडणी मुळात क्रिस्टी यांनी शोधली होती. व्हीटस्टन यांनी १८४३ साली आपल्या लेखात तसे स्पष्ट लिहिले. आपल्या श्रेयासाठी झगडावे लागलेल्या या माणसाने दुसऱ्याचे श्रेय लपवले नाही.

१८६८ साली त्यांना सर हा किताब मिळाला. १९ ऑक्टोबर १८७५ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे तत्त्व तुम्हीही वापरू शकता. चालत्या आगगाडीच्या खिडकीतून बाजूच्या दृश्याचे मोबाइलवर चित्रण करा. त्यातील थोडे आधीचे चित्र एका डोळ्याला व थोडे नंतरचे दुसऱ्या डोळ्याला दाखवले, तर झाडे, घरे, डोंगर एकामागे एक उभे दिसतात. असे चित्रण कराल, तेव्हा त्या लाजाळू शास्त्रज्ञाची आठवण जरूर ठेवा.