जाणणाऱ्याचा शोध : श्रीमद् राजचंद्र

जैन दर्शनात ज्ञानाचे मति, श्रुत, अवधि, मनःपर्यय आणि केवल असे पाच प्रकार सांगितले आहेत. आपला सारा व्यवहार पहिल्या दोन ज्ञानांवर, म्हणजे इंद्रिये, मन आणि श्रवण-वाचन यांवरच चालतो. या ज्ञानाची मर्यादा ओळखून आत्मस्वरूपाचा ध्यास घेणारे गृहस्थ साधक म्हणजे श्रीमद् राजचंद्र होत.

सौराष्ट्रात मोरबीजवळील ववाणिया या गावी १८६७ साली कार्तिक पौर्णिमेस त्यांचा जन्म झाला. पिता रावजीभाई, माता देवबाई. त्यांची स्मरणशक्ती बालपणापासूनच विलक्षण होती. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी मुंबईत जाहीर सभेत शतावधानाचा प्रयोग केला. एकाच बैठकीत शंभर निरनिराळ्या गोष्टींकडे लक्ष ठेवावयाचे आणि शेवटी त्या सर्व अचूक सांगावयाच्या, अशी ही कठीण विद्या! त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. युरोपात जाण्याची सूचनाही पुढे आली. परंतु आत्मसाधनेत अडसर ठरतात म्हणून श्रीमदांनी हे प्रयोगच सोडून दिले. मान, धन आणि विदेशगमन हात जोडून उभे असता विशीतील तरुणाने केलेला हा त्याग सामान्य नव्हे.

पुढे मुंबईत त्यांनी हिरे-मोत्यांचा व्यापार सचोटीने केला. व्यवहार आटोपला की पेढीवरच धर्मग्रंथ अथवा रोजनिशी उघडली जाई. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या तरुण गांधीजींची त्यांच्याशी भेट झाली. गांधीजींनी त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. पण ते भारावले ते त्यांच्या निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेतून गांधीजींनी विचारलेल्या २७ प्रश्नांना श्रीमदांनी सविस्तर उत्तरे पाठविली. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ साली उभे राहिलेले गांधीतीर्थ पाहताना, गांधीजींच्या शंकांचे समाधान करणाऱ्या या जैन व्यापाऱ्याचे स्मरण आपणास अवश्य व्हावे.

१८९६ साली नडियाद येथे त्यांनी १४२ पद्यांचे ‘आत्मसिद्धी शास्त्र’ रचले. आत्मा दिसत नाही, मग तो मानावा कसा, या शंकेचा त्यात विचार आहे. घट आणि पट आपण जाणतो म्हणून मानतो. मग त्यांना जाणणाऱ्यालाच कसे नाकारावे, असा त्याचा आशय. आम्हा कापड व्यापाऱ्यांना पटाची पारख असते, परंतु पारख करणाऱ्याकडे दृष्टी क्वचितच वळते!

१९०१ साली राजकोट येथे, अवघ्या ३३ व्या वर्षी श्रीमदांनी देह ठेवला.

आपल्या पाठशाळांत मुले सूत्रे मुखोद्गत करतात, त्यांना बक्षिसे मिळतात. हे इष्टच आहे. मात्र पाठांतर ही पहिली पायरी होय. ज्याने शंभर गोष्टी ध्यानात ठेवून दाखविल्या, त्यानेच स्मरण म्हणजे आत्मज्ञान नव्हे, हे आचरणाने शिकविले. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ही जाणीव पुढील पिढीस देणे, हेच त्यांना खरे वंदन ठरेल.

जय जिनेंद्र!