राजाच्या नावाचे संग्रहालय

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. पुण्यात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद लागला. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, वाद्ये, शस्त्रे! लोक जे अडगळ म्हणून टाकत, त्यात त्यांना कारागिराचा हात दिसे. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. मुलगा राजा सातव्या वर्षी वारला. ते दुःख पोटात ठेवून त्यांनी संग्रह वाढवला आणि त्याला राजाचे नाव दिले. १९७५ साली हजारो वस्तूंचा हा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाला दान केला. १९९० साली ते गेले. छात्रांनो, सुट्टीत पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर पाहा.