पक्ष्यांचे पारखी सलीम अली

समुद्राला ओहोटी लागली, की चिखलाची विस्तीर्ण पुळण उघडी पडते आणि उंच पायांचे, लांब चोचींचे पक्षी तेथे भक्ष्य टिपू लागतात. हिवाळ्यात त्यांपैकी बहुतेकांचा रंग करडा वा तपकिरी असतो. त्यामुळे एक जात दुसरीपासून वेगळी ओळखणे फार कठीण. चोच सरळ की वाकडी, पाय हिरवट की तांबडे, उडताना पंखावर पांढरी पट्टी दिसते की नाही, साद कशी, हे सारे बारकाईने पाहावे लागते. पक्षी त्याच्या वसतिस्थानीच पाहावा, ही दृष्टी भारतात रुजविणाऱ्यांत डॉ. सलीम अली यांचे नाव अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले व मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. एकदा छऱ्यांच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. तिची जात कळावी म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. चिटणीस मिलार्ड यांनी तिची ओळख सांगितली व संस्थेचा पक्षिसंग्रहही दाखविला. त्या मृत चिमणीने मुलाच्या मनात आजन्म टिकणारी जिज्ञासा जागविली.

१९२८ साली ते जर्मनीस गेले. तेथे त्यांनी प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली अध्ययन केले आणि हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याची पद्धत शिकून घेतली. १९३० मध्ये मायदेशी परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची नोकरी उरली नव्हती. तथापि ते खचले नाहीत. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम या किनाऱ्यावरील गावी राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. आडोशास तासन्‌तास बसून त्यांनी पाहिले, की नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करून त्यात राहते आणि नर दुसरे विणावयास घेतो. नोकरी गेल्यामुळे मिळालेल्या सवडीचे त्यांनी असे सोने केले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेले लोक वान थो हे त्यांचे स्नेही झाले. त्यांनी सलीम अलींच्या सहवासात पक्ष्यांची उत्तम छायाचित्रे घेतली. पक्ष्यास न भिवविता त्याची नोंद घेण्याचे कॅमेरा हे एक साधनच होय.

१९५९ पासून सोसायटीने सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली स्थलांतरी पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर क्रमांकाची कडी घालण्यास आरंभ केला. त्यांतील काही पक्षी पुढे सायबेरियात आढळले. आपल्या पाणथळीवर उतरणारा इवला पक्षी केवढा प्रवास करतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. ती पाणथळ नष्ट झाली, तर त्याचा विसावाच हरपेल, हे सलीम अलींनी जाणले. म्हणूनच भरतपूरच्या रक्षणासाठी ते झटले. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

असे पक्षी केवळ सागरतीरीच दिसतात असे नाही. जव्हारजवळील साखरशेतासारख्या डोंगराळ गावीही हिवाळ्यात ओढ्याकाठी शेपटी हलवीत फिरणारा तुतवार दिसू शकतो. त्याला पाहण्यास बंदूक नको. स्थिर दृष्टी, वही आणि धीर एवढे पुरे.