कमला निंबकर

कमला विष्णू निंबकर (जन्मनाव: एलिझाबेथ लंडी, १९०० – १९७९) या भारतातील व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) शास्त्राच्या प्रवर्तक होत. या विषयाचे भारतातील पहिले प्रशिक्षण विद्यालय त्यांनी १९५० मध्ये मुंबईत सुरू केले.

जीवन

अमेरिकेतील एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी कमला हे नाव स्वीकारले व १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या. मुंबईत आरंभी त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेचे संस्थापक बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र, तर लेखिका जाई निंबकर या त्यांच्या स्नुषा होत.

प्रौढ वयातील अध्ययन

दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांमुळे पुनर्वसनाचा प्रश्न जगभर ऐरणीवर आला. भारतात पोलिओ, कुष्ठरोग आणि अपघात यांमुळे येणाऱ्या अपंगत्वाची त्यात भर होती. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, की रुग्णालयाचे काम संपले असे मानले जाई. रुग्ण घरी जाऊन स्वतःच्या हाताने जेवू शकेल काय, उपजीविका करू शकेल काय, हे पाहणारा शिक्षित वर्गच देशात नव्हता. निंबकर यांनी वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास अमेरिकेत परतून या शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. ज्या वयात माणसे स्थिरावलेली असतात, त्या वयात नव्याने विद्यार्थिदशा पत्करणे ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत लक्षणीय घटना म्हणावी लागेल.

कार्य

‘व्यवसाय’ या शब्दामुळे येथे अनेकांचा गैरसमज होतो. पोटापाण्याचा धंदा एवढाच त्याचा अर्थ नाही. अंघोळ, कपडे घालणे, लेखन, खेळ, विणकाम अशी माणसाला गुंतवून ठेवणारी प्रत्येक क्रिया त्यात येते. दुबळ्या बोटांना केवळ व्यायाम न देता मागावर बसवले, तर स्नायूंबरोबर रुग्णाचा आत्मविश्वासही सुधारतो, हे या उपचाराचे तत्त्व. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानले होते. त्याच हस्तोद्योगाचा येथे औषधासारखा उपयोग होतो. मात्र कोणत्या रुग्णाला कोणते काम, किती वेळ आणि कोणत्या आसनात द्यावे, हे शरीररचना जाणल्यावाचून ठरवता येत नाही.

मुंबईतील विद्यालय परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न होते. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली व निंबकर तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी लिव्हरपूल येथील बैठकीतून जागतिक महासंघ आकारास आला; त्याच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असेच विद्यालय सुरू झाले. त्यामुळे वर्धा, अमरावती, चंद्रपूर या भागांतील विद्यार्थ्यांना मुंबई गाठण्याची गरज उरली नाही.

लेखन आणि नंतरचा काळ

आशियातील पुनर्वसनकार्याला वाहिलेल्या इंग्रजी नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले. भारतातील पुनर्वसन व व्यवसायोपचार यांचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निधनानंतर, १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्यास आरंभीच्या दशकांसाठी तो टाळता येत नाही.

पदविकेपासून सुरू झालेले हे शिक्षण पुढे पदवी व पदव्युत्तर स्तरांपर्यंत पोहोचले. कायद्याची मान्यता मात्र फार उशिरा आली. व्यवसायोपचाराचा समावेश असलेला संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीचा राष्ट्रीय आयोग कायदा संसदेने २०२१ मध्ये संमत केला.