कागलच्या घाटग्यांचा यशवंत



कोल्हापूर जिल्ह्यात शाहू महाराजांवर लिहायला बसणं म्हणजे जरा धाडसच. इथं चहाच्या गाड्यावर उभा असलेला माणूससुद्धा महाराजांची एखादी गोष्ट सहज सांगून जातो. आपण तर कागलचे. २६ जूनला शाळा नुकतीच सुरू झालेली असायची, नव्या वह्यांना कव्हरं घालून व्हायची होती, तोवर जयंतीच्या भाषणाची पाठांतरं सुरू व्हायची. निम्म्या जागा राखीव, बोर्डिंगं, राधानगरी, खासबाग ही यादी आपल्यापैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारली तरी येईल.

पण यादी पाठ झाली की तिच्यातला घाम दिसेनासा होतो. त्यातलं एकेक काम किती जड होतं आणि ते न करताही महाराजांचं राज्य कसं सुखात चाललं असतं, याचा आपण त्या वयात विचार केला नव्हता. आता आपल्यातल्या अनेकांना नातवंडं झाली आहेत. या वयात महाराजांचं चरित्र पुन्हा वाचताना मला तीच बाजू जास्त दिसू लागली. म्हणून तीच इथं मांडतो.

जन्म २६ जून १८७४ चा. जन्मस्थळ कोल्हापूरचा लक्ष्मीविलास पॅलेस, पण घराणं आपल्या कागलच्या घाटग्यांचं. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आई गेली तेव्हा यशवंत तीन वर्षांचाही नव्हता. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्याला दत्तक घेतलं आणि तो करवीरचा छत्रपती शाहू झाला. पुढच्या दोनच वर्षांत, मार्च १८८६ मध्ये वडीलही वारले. गादी मिळाली, पण वयाची १२ वर्षं पूर्ण व्हायच्या आत मुलगा पोरका झाला.

त्या काळी संस्थानिकांची मुलं ऐषआरामात बिघडायला वेळ लागत नसे. शाहूंना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवलं. त्यानंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण झालं. इंग्रजी, इतिहास, राज्यकारभार हे विषय तर होतेच. शिवाय हिंदुस्थानभर प्रवास झाला. सोबत घोडेस्वारी, शिकार आणि तालीम. कुस्तीचा नाद त्यांना आयुष्यभर पुरला. तालमीत राजाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा असा फरक माती करत नाही. जो रोज मेहनत करतो त्याचंच अंग वळतं. ही शिस्त त्यांच्या हाडात तिथं मुरली असावी, असं मला वाटतं.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रं हाती आली तेव्हा वय वीसही पूर्ण नव्हतं. कारभार पाहिला तर दरबारातल्या वरच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक. बहुजनांची मुलं शिकलेलीच नव्हती, म्हणून नोकरीत नव्हती, आणि नोकरीत नव्हती म्हणून शिकायचं कारणही त्यांना दिसत नव्हतं. हे कोडं सोडवायचं तर कुठून तरी गाठ तोडावी लागणार होती. पण त्याआधीच १८९६ चा दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. तरुण राजाची पहिली वर्षं स्वस्त धान्याची दुकानं, जनावरांचा चारा आणि प्लेगच्या छावण्या उभारण्यात गेली.

मग वेदोक्ताचं प्रकरण उद्भवलं. पंचगंगेवर स्नानाला गेले असता राजाच्या धार्मिक विधीला पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, वेदोक्त नाहीत, हे उघड झालं. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायला नकार दिला. महाराजांना हा अपमान गिळून गप्प बसता आलं असतं. अनेकांनी तसा सल्लाही दिला. त्यांनी राजोपाध्यांची वतनं जप्त केली आणि काही वर्षं वृत्तपत्रांतली टीका व वरपर्यंत गेलेले अर्ज सहन केले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. स्वतःचा मान मिळवून ते थांबले नाहीत. छत्रपतीची ही गत असेल तर मांग, महार, धनगर, कुणबी यांचं काय होत असेल, या प्रश्नाला त्यांनी हात घातला.

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. आता पाहा, हुकूम काढणं एका दिवसाचं काम. पण जागा राखल्या तर त्या भरायला शिकलेली मुलं कुठून आणायची? हुकमानं महाराजांनी जणू स्वतःलाच बांधून घेतलं. मुलं शिकली नाहीत तर हुकूम कागदावरच राहणार आणि विरोधक हसणार. मग एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात डोकं टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं की तो शिकतो, हे त्यांना ठाऊक होतं.

बोर्डिंगात यायला मूल आधी गावात चौथी तरी झालं पाहिजे. म्हणजे पुढचं काम आणखी मोठं. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. शाळांसाठी पैसा उभा करायला जादा कर बसवावे लागले, आणि नवा कर कुठल्याच राजाला लोकप्रिय करत नाही. एक काम हातात घेतलं की त्यातून दुसरं अधिक अवघड काम समोर येई आणि महाराज तेही अंगावर घेत. उत्साह आधी आला आणि मग काम सुरू झालं, असं त्यांच्या आयुष्यात फारसं दिसत नाही. काम आधी सुरू झालं. त्याच्या ओझ्यानंच पुढचं बळ दिलं.

सगळंच तडीस गेलं असंही नाही. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं काम त्यांनी १९०८ च्या सुमारास हाती घेतलं. एका लहान संस्थानानं स्वतःच्या हिमतीवर एवढं धरण बांधायला घेणं ही त्या काळी मोठीच गोष्ट. खर्च आवाक्याबाहेर गेला, काम अर्ध्यात थांबलं आणि महाराजांच्या हयातीत ते पूर्ण झालं नाही. पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. पण पाया बरोबर जागी पडला होता, म्हणून पुढच्यांना त्यावर चढता आलं.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कठीण परीक्षा मात्र दरबारात झाली नाही, घरात झाली. जून १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वय अवघं एकोणीस. त्यांचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सून इंदुमती अकरा वर्षांची. विधवा सुनेनं वाड्याच्या कोपऱ्यात बसायचं, ही त्या काळची रीत. बाहेरच्या जगासाठी महाराजांनी आदल्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला होता. पण कायदा लोकांसाठी असतो, आणि घरातली सून ही घरातली सून असते. कितीतरी सुधारक याच उंबऱ्यावर अडखळले.

महाराजांनी त्या पोरीला कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर ठेवलं, सोबतीला इतर मुली दिल्या आणि शिक्षक नेमून तिचा अभ्यास सुरू केला. राजवाड्यातल्या जुन्या वळणाच्या मंडळींना हे रुचलं नाही. मुलाच्या दुःखानं स्वतः खचलेल्या बापाला हा वाद नको असणं अगदी साहजिक होतं. तरी त्यांनी तो घेतला. सुनेनं डॉक्टर व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, पण इंदुमती राणीसाहेब शिकल्या आणि पुढं कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचं काम त्यांनी उभं केलं. सगळी भाषणं विसरली तरी चालतील, ही एक गोष्ट आपण आपल्या नातींना सांगावी.

अस्पृश्यतेच्या बाबतीतही त्यांनी कायद्याबरोबर स्वतःचं अंग घातलं. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात हॉटेल काढून द्यायला मदत केली आणि स्वतः खडखड्यातून तिथं जाऊन सर्वांदेखत चहा घेऊ लागले. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही मग तो कप उचलावा लागे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. तिथं महाराज स्वतः हजर राहिले आणि जमलेल्या लोकांना त्यांचा खरा पुढारी मिळाल्याचं सांगितलं. छत्रपतीनं स्वतःची जागा सोडून दुसऱ्याला पुढं करणं, हेही अवघडच काम. बाबासाहेबांचं वय तेव्हा अठ्ठावीस.

शरीर मात्र हा भार किती काळ पेलणार? मधुमेहानं पोखरलेला तो धिप्पाड देह ६ मे १९२२ रोजी मुंबईत थांबला. वय ४७. कारभाराची वर्षं २८.

मंडळी, आपल्या बॅचनं शाळेला काय द्यायचं याची चर्चा सुरू आहे. पाण्याचा फिल्टर, प्रोजेक्टर, कमान अशी नावं पुढं आली आहेत. या वस्तू गरजेच्या आहेत आणि पैसे जमतीलही. पण चेक देऊन मोकळं होणं आपल्याला सोपं आहे. माझी सूचना जरा त्रासाची आहे. आठवी ते दहावीच्या ज्या मुलांना गणित आणि इंग्रजी जमत नाही, त्यांच्यासाठी दर शनिवारी आपल्यापैकी दोघांनी शाळेत दोन तास बसायचं. ज्यांना कागलला येणं शक्य नाही त्यांनी फोनवरून एका मुलाची जबाबदारी घ्यायची. नावांची यादी शाळेच्या फलकावर लावायची, म्हणजे आपण आलो नाही तर पोरांना ते कळेल.

यात पहिले दोन महिने हौस असेल, तिसऱ्या महिन्यात लग्नं आणि पाहुणे आडवे येतील, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच यादी फलकावर लावायची म्हणतो. महाराजांनी हुकूम आधी काढला आणि मग त्याला जागण्यासाठी बोर्डिंगं बांधली. आपल्याला तर दोनच तास काढायचे आहेत. माझं नाव मी पहिल्या शनिवारसाठी दिलं आहे. जोडीला एक जण हवा आहे.